घासून ठेवलेले दगड

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही काही वेळ नव्हे. संध्याकाळपर्यंत नदीच्या पाहणीचा आराखडा आमच्या सरांना पाठवायचाय आणि मी वाशिंदच्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतेय. बसले की उठावंसं वाटतं. भांडायला कुणीतरी हवंय, आणि तू गेल्यापासून माझं हक्काचं भांडणच बंद झालंय बघ!

माझं काम काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. धरणाने आपल्या नदीचं काय होतंय, ते वर्षानुवर्षं बघत राहायचं. ठरलेल्या जागी जायचं, पाण्यातले दगड उलटायचे, त्यांना चिकटलेले किडे मोजायचे. किडे गेले की मासेही जातात, म्हणून. मुरबाडकडच्या न अडवलेल्या नदीवरही तेच करायचं, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतात. आज निवडलेली जागा माझ्यामागे दुसरं कुणी बघणार, त्याच्यामागे तिसरं. एकदा सोडली की सुटली.

आणि त्यातली एक जागा म्हणजे आपला घाट, तू कपडे धुवायचीस तो! धरणाखाली तसली खडकाळ जागा दुसरी नाही.

गेल्या आठवड्यात चाचणीची फेरी होती. आदल्या दिवशी मी शेजारच्या शेवंताकाकीला सहज फोन केला, "काकी, उद्या आमचे सर घाटावर येतायत." झालं! सकाळी जाऊन बघतो तर घाटावर सडा, काठाला रांगोळी, आणि पाण्यातले दगड बाहेर काढून, काथ्याने घासून, ओळीने मांडलेले! औषधालाही किडा नाही. सरांनी कपाळावर हात मारला.

"काकी, हे काय केलंस गो?" मी विचारलं.

"काय केलं म्हंजे? मोठी मानसं यायची नि बुळबुळीत दगड दाखवू त्यांना? पाय घसरला असता त गावाचं नाव गेलं असतं. आमी चौघी पहाटंपासून लागलो व्हतो. तुजी आय असती त तिनं पन तेच केलं असतं!"

मला हसू आलं. सर मात्र गाडीत बसता बसता म्हणाले, "ही जागा काढून टाका. इथे खरं काही दिसणारच नाही."

तेव्हापासून मला चैन नाही. कारण काकी बरोबर बोलली, आई. तू तेच केलंस!

शेवटच्या वर्षात मी दर वेळी फोन करून आले आणि दर वेळी मला धडधाकट आई दिसली. केस विंचरलेले, हिरवं पातळ, तांदळाच्या भाकऱ्या तयार. "कशी आहेस?" विचारलं की, "मला काय धाड भरलीय!" तुला उठवत नव्हतं, भाकऱ्या काकी थापून जायची, हे मला तू गेल्यावर कळलं. का गं? मी काय पाहुणी होते? पडलेली दिसली असतीस तर ओढत दवाखान्यात नेलं असतं. फार राग येतो मला तुझा. अजूनही येतो.

काल मी न कळवता गावी गेले. दगड उचलून काकीची कंबर धरलेली, ती घोंगडीवर आडवी. मला बघून धडपडत उठायला लागली, पदर सारखा करायला लागली. "काय नाय गो, जरा पडलेली." म्हटलं, "पडूनच राहा." मग भांडत भांडत तिला शहापूरला दवाखान्यात नेलं. रस्ताभर शिव्या देत होती.

आज सरांना फोन केला. म्हटलं, घाट काढायचा नाही. दगडांवर पुन्हा किडे येईपर्यंत थांबू. "आणि गावाने पुन्हा घासले तर?" म्हटलं, कळवायचंच नाही कुणाला. ते म्हणाले, "लिहा तसं."

लिहितेय. तुला शब्द देते आई, त्या घाटावर मी कधीही कळवून जाणार नाही. नदी आटलेली असो, नासलेली असो, मला ती तशीच बघायचीय. वेळेवर बघायचीय.

तुझी, न सांगता यायला शिकलेली,
मनी