तीन झ आणि एक नवा फोन

गुरुवार, ता. ४. सकाळी.

ठरलं. उद्या नवा फोन बाजारात येतोय. पहिल्याच दिवशी घ्यायचा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी याला हौस म्हणायला नको. रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या बाईंचा नव्वदावा वाढदिवस. चौथीत त्यांनी आम्हाला सगळं शिकवलं, पण खऱ्या बाई त्या कवितेच्या तासाच्या. सगळा वर्ग आपापल्या घरून व्हिडिओ कॉलवर जमणार आहे. मी बाईंवर रचलेली कविता म्हणणार, असं मी ग्रुपवर जाहीर केलंय. म्हणजे हिला तिच्या फोनवरून जाहीर करायला लावलंय. माझ्या बटणांच्या फोनला डोळा नाही.

आमच्या वर्गाचा पुढारी ढोल्या. पूर्वी अंगाने ढोल्या होता, आता नुसता नावाने उरलाय. त्याचा निरोप आला की कुणी वेळेवर जोडलं गेलं नाही तर काळजी नको, ती वेळ मी भरून काढीन, माझं छोटंसं भाषण तयार आहे. ढोल्याचं छोटंसं भाषण! माणसाने समोरच्याच्या वयाचा तरी विचार करावा.

ही म्हणाली, अहो, माझ्याच फोनवरून म्हणा की कविता. मी शांतपणे समजावलं की तिच्या फोनमध्ये भाज्यांचे फोटो आणि बहिणीचे निरोप भरलेले असतात, त्या गर्दीतून कविता कशी जाणार? कवितेला स्वतःचं यंत्र हवं. यावर ती उठून आत गेली. पटलं असावं.

दुपारी.

पहिली ओळ झकास जमलीय. ‘झुळूक झुलवी झाडाला’. बाई म्हणजे झुळूक, आम्ही झाड. एका ओळीत तीन झ! चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या कविता तपासल्या, प्रूफावर लाल खुणा केल्या. आता स्वतःची. शेवटचं कडवं राहिलंय. उद्या रांगेत होईल.

शुक्रवार, ता. ५. सकाळी ६.४०. दुकानाची पायरी.

रांगेत मी पहिला आहे.

७.३०. अजूनही पहिला. माझ्यामागे कुणी नाही. लोकांना पहाटेची गोडी राहिलेली नाही.

८.१५. झाडूवाल्या बाईंनी पाय वर घ्यायला सांगितले. कुणाची वाट बघताय, असंही विचारलं. मी म्हणालो, एका नव्या युगाची. त्या म्हणाल्या, ते दहाला उघडतं.

कडवं झालेलं नाही. बाईंची आठवण मात्र फार आली. शेवटचा तास, खिडकीतून तिरपं ऊन, बाईंच्या बोटांना खडू, आणि सगळा वर्ग एका चालीत कविता म्हणतोय. मी त्यांचा विशेष लाडका होतो. एकदा गणिताच्या तासाला त्यांनी मुद्दाम माझ्याजवळ येऊन विचारलं होतं, अरे, तुझं लक्ष आहे कुठे? इतक्या आपुलकीने मला त्यानंतर कुणी काही विचारलेलं नाही.

दुपारी १. घरी.

फोन मिळाला! तपशील असा. दहाला दार उघडलं. विक्रेतीने विचारलं, काका, रांग कसली? सगळ्यांनी घरबसल्याच मागवलाय. तरीही ‘पहिले ग्राहक’ म्हणून तिने फोन माझ्या हातात देऊन फोटो काढला, मग तो फोन काढून घेतला. काचेच्या कपाटातला, नुसता दाखवायचा होता. खरा खोक्यात होता.

मुलगी चांगली. म्हणाली, काका, दहा मिनिटं बसा, इथेच सगळं सेट करून देते. मी नाही म्हटलं. नव्या वहीचं पहिलं पान कुणी दुसऱ्याकडून लिहून घेतं का? त्यावर तिने पासवर्डबद्दल बरंच काही सांगितलं. त्या वेळी मला नव्या पुस्तकांचा वास आठवत होता, त्यामुळे सगळं ऐकलं गेलं नाही. पण मथितार्थ कळला.

फोनचा वास घेऊन पाहिला. काहीही नाही.

३.००. जेवून, कवळी धुवायला काढून, निवांत बसलो. फोनने विचारलं, भाषा कोणती? मी मराठी निवडली. ऊर भरून आला. पण लगेच खाली बटण आलं, त्यावर ‘पुढिल’. ढि ऱ्हस्व! मी ते बटण दाबायला नकार दिला.

३.२०. दाबलं. दुसरं बटणच नव्हतं. निषेध इथे नोंदवून ठेवतो.

४.४५. अटी व शर्ती कुणी वाचत नाही म्हणतात. मी वाचल्या. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. हातात पेन्सिल घेऊन बसलो होतो, पण खूण करायला समास कुठे आहे?

५.१०. चेहरा ओळखवून दिला. फोनने मान डावीकडे, उजवीकडे, वर करायला लावली. शाळेतली कवायत आठवली. मग पासवर्ड मागितला. लोक जन्मतारीख टाकतात म्हणे. कल्पनादारिद्र्य! मी माझी पहिली ओळ टाकली. फोनला पासवर्डात देवनागरी चालेना, तेव्हा रोमन अक्षरांत उतरवून काढली. ती कागदावर लिहून ठेवा, असं ही आतून ओरडली. मी हसलो. कवी आपली ओळ विसरत नाही. इथेही लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

७.००. विचित्र. चहाच्या वेळी कवळी घातल्यापासून फोन मला ओळखत नाही. प्रकाश बदलून पाहिला. चष्मा बदलून पाहिला. भांग बदलून पाहिला. शेवटी ही म्हणाली, अहो, दुपारी तुमच्या तोंडात दात होते का?

कवळी काढली. फोन उघडला.

हरकत नाही. योजना सोपी आहे. रविवारी आधी कवळी काढायची, फोन उघडायचा, मग कवळी घालायची आणि कविता म्हणायची. फोन अर्ध्या मिनिटात मिटतो, तेवढ्यात बोट लावत राहायचं. तासभर सराव केला. आठ वेळा कवळी काढली, आठ वेळा घातली. ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

शनिवार, ता. ६. सकाळी ९.

फोनने परवानगी मागितली की स्वतःत सुधारणा करू का? स्वतःहून सुधारू पाहणाऱ्याला आयुष्यात कधी आडवा आलो नाही. हो म्हटलं.

९.४०. सुधारून परत आला आहे. चेहरा नको म्हणतो. एकदा पासवर्डच द्या.

दिला. ‘चुकीचा पासवर्ड’. यात मात्र शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

११.००. प्रश्न ओळीचा नाही. ओळ तोंडपाठ आहे. प्रश्न झचा आहे. झ रोमनमध्ये jh होतो, zh होतो आणि नुसता z सुद्धा होतो. कालच्या भावावस्थेत मी कुठला घेतला? आणि झ तीन आहेत. मी तिन्ही सारखेच लिहिले असतील असंही नाही. एका पानावर तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहिणाऱ्या लेखकांना मी उभ्या जन्मात माफ केलं नाही, पण ते इथे नको.

दुपारी १२.

हिशोब मांडला. तीन झ, प्रत्येकाच्या तीन तऱ्हा, म्हणजे सत्तावीस. ‘ळू’ला u की oo, म्हणजे दुप्पट. ‘वी’ला i की ee, पुन्हा दुप्पट. एकंदर एकशे आठ. आवाक्यातलं काम आहे. कागदावर सगळे काढले, ओळीने, क्रमांक घालून. अशी सुबक यादी छापखान्यातसुद्धा कुणी केली नसती.

ही यादीवरून नजर फिरवत म्हणाली, पहिलं अक्षर कॅपिटल होतं का?

दोनशे सोळा.

४.००. पाच चुकल्यावर फोन अर्धं मिनिट रुसतो. मग एक मिनिट. मग जास्त. रुसवा वाढता आहे. क्रमांक ११ पर्यंत आलो आहे. ही म्हणते, दुकानात नेऊन द्या, ती मुलगी बघेल. बघेल, पण सगळं पुसून टाकेल. आणि काय सांगू तिला? चाळीस वर्षांचा मुद्रितशोधक स्वतःच्या ओळीचं स्पेलिंग विसरला? नाही. उद्या सकाळी ताज्या डोक्याने बसायचं. शेवटचं कडवंही तेव्हाच करू.

रविवार, ता. ७. सकाळी ७.

ताजं डोकं. क्रमांक १२ चूक.

दुपारी १.३०. क्रमांक १७. शेवटचं कडवं झालं नाही, पण कविता तशीही पूर्ण वाटते.

३.१५. हिने स्वतःचा फोन चार्जिंगला लावला. का, असं विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

४.२०. फोन म्हणतो, एक तासाने पुन्हा प्रयत्न करा. त्याला समजावून पाहिलं की कार्यक्रम पाचचा आहे.

४.५०. नवा सदरा, केस विंचरलेले, कवळी फुलपात्रात. पासवर्ड लागलाच तर पुढे चेहरा तयार हवा.

४.५८. ही तिच्या फोनवर आधीच जोडली गेली आहे. आतून सांगते, बाई आल्या, निळी शाल आहे, गोड दिसतायत. ढोल्या घसा खाकरतोय. हातात कागद आहे. जाड आहे.

संध्याकाळी ७.

कविता म्हटली. बाईंनी ऐकली. क्रमाने लिहितो.

पाच वाजून चार मिनिटांनी ढोल्याने विचारलं, आपले कवी आलेले दिसत नाहीत, मग मी सुरू करू का? हे ऐकून हिने धावत येऊन आपला फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, बोला! आता बोला! कवळीपर्यंत जायला वेळच नव्हता. मी फोन कानाला लावला आणि सुरुवात केली. फोन हाती आला की तो कानालाच जातो. त्यामुळे सगळ्यांना पडद्यावर माझा कान दिसत होता, आणि खाली हिचं नाव. हे मला मागाहून कळलं.

कविता चांगली झाली. दातांशिवाय झ नीट उमटत नाही, नुसता वारा बाहेर पडतो. पण कविताच झुळुकीची, तेव्हा शोभून गेलं. आवाज जरा बारीक लागला. भावनेमुळे.

कविता संपली. मग बाई बोलल्या. तोच आवाज! म्हणाल्या, फार गोड कविता केलीत हो ताई. पण तुम्ही नक्की कुठल्या बाकावर बसायचात, मला आठवेना.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ढोल्याने ओरडून सांगितलं, बाई, दुसऱ्या बाकावर! दोन वेण्या घालायची! सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं आनंदाने हसले. त्याही हसल्या. नव्वदीच्या माणसाचं हसू मोडायचं कसं? मी म्हणालो, हो बाई. बासष्ट वर्षांनी त्यांच्याशी बोललो ते इतकंच.

मग त्यांनी एकेकाची आठवण काढली. ढोल्याने एकदा फळ्यामागे डबा लपवला होता, तेही त्यांना आठवत होतं. मी माझ्या नावाची वाट पाहत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, तो एक मुलगा होता ना, गणिताच्या तासाला सारखा खिडकीबाहेर बघत बसायचा, कितीही विचारा, भानावरच यायचा नाही, तो कुठे असतो आता? कुणी सांगितलं नाही. मलाही असा मुलगा आठवत नाही. मी स्वतः खिडकीशीच बसायचो. असता तर दिसला असता.

ढोल्याचं भाषण सव्वीस मिनिटं.

सोमवार, ता. ८.

फोन दुकानात नेला. विक्रेतीने पुसून कोरा केला. काका, पासवर्ड काय होता, असं तिने विचारलं. मी सांगितलं, साहित्यिक होता. या वेळी सगळं हिने लावून दिलं, रिक्षात बसल्या बसल्या. पासवर्ड हिची जन्मतारीख. मी आक्षेप घेणार होतो. मग ती तारीख मला पाठ आहे का, हे आठवून पाहिलं. घरी येऊन कॅलेंडरवर बघून ठेवली.

मंगळवार, ता. ९.

बाईंचा फोन आला. हिला. रविवारची कविता त्यांच्या मनात घोळतेय, लिहून पाठवाल का, असं विचारत होत्या. मी हिला खुणेने सांगितलं, खरं काय ते सांगून टाक. हिने सांगितलं की बाई, कविता माझ्या यजमानांची आहे. बाई म्हणाल्या, हेच मला खऱ्या कवयित्रींचं आवडतं, श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. हिने दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तिने फारसा जोर लावला नाही असं मला वाटलं.

माझ्या वहीवरून हिने कविता तिच्या फोनवर उतरवून पाठवली. जशीच्या तशी.

बुधवार, ता. १०. सायंकाळी.

बाईंचा पुन्हा फोन. हिलाच. पाऊण तास. दोघी एकमेकींना ‘ताई’ आणि ‘बाई’ करत हसत होत्या. मी मधल्या दारात उभा होतो.

बाईंनी कविता भिंग लावून दोनदा वाचली. कल्पना फार सुंदर आहे म्हणाल्या. दर महिन्याला एक पाठवा, मला जगायला निमित्त होईल, असंही म्हणाल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता नाही कसं म्हणणार?

फक्त लेखनात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहिल्यात, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, यजमान काय करायचे? हिने सांगितलं, छापखान्यात प्रूफं तपासायचे. बाईंना आनंद झाला. म्हणाल्या, मग पाठवण्याआधी त्यांच्या नजरेखालून घालत जा. कवितेतलं त्यांना फारसं कळत नसेल, पण ऱ्हस्वदीर्घ तरी कळेल.

रात्रीच्या जेवणाआधी कविता तपासून दिली. दोन चुका निघाल्या. दोन्ही मूळ वहीतल्या.