आप्पांचा गोल अर्ज

प्रिय आप्पा,

तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं आणि आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय. कारण ऐकलंत तर पोट धरून हसाल. तुमच्या सुनेने युनियन काढली!

होय, त्याच सुनेने. "आप्पा, टेलिफोनवाल्यांची युनियन तुमच्याबरोबरच रिटायर झाली, आमचा वॉट्सॲप ग्रुप असतो," असं तुम्हाला ऐकवलं होतं, तिनेच. तुम्ही होळी गावच्या आपल्या वाडीत भाजीला पाणी लावत होतात. "ग्रुपात मालक आहे का?" एवढंच विचारलंत. होता. मी विषय बदलला.

झालं असं. ज्या इंटरनेटच्या कंत्राटदाराकडे मी तक्रारींचे फोन घेते, तिथला जितेश खांबावरून पडला. कमरेला सेफ्टी बेल्ट नव्हता. पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर बिचारा कामावर आला, तर कंत्राटदार म्हणाला, "आता तू चढणार कसा? घरी बस." दोन मुलींच्या बापाने घरी बसून करायचं काय?

मी अर्ज लिहिला. जितेशला परत घ्या, सगळ्यांना बेल्ट द्या. सकाळी कामणच्या गोदामात वायर घ्यायला सगळे जमतात, तिथे कागद पुढे केला. सगळे म्हणाले, बरोबर लिहिलंय. पण पेन कुणी हातात घेईना. पाचूबंदरचा नेल्सन म्हणाला, "ताई, पयली सही कोन करनार? पयल्यालाच काढतील." आणि खरं सांगू? माझाही हात पुढे झाला नाही. फार लाज वाटली मला, आप्पा.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांची पेटी बघ."

पेटीत तुमचे जुने अर्ज निघाले. एकावर सह्यांच्या ओळीच नव्हत्या. खाली वाटीएवढा गोल, आणि शेकोटीभोवती माणसं बसतात तशा त्याच्याभोवती सह्या. पहिली कुठली आणि शेवटची कुठली, कोण सांगणार? एवढी युक्ती ठाऊक होती तर मला कधी सांगितली का नाहीत? मी विचारलं नाही म्हणून? विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा तुमचा हट्ट मला अजून आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण ठेवून गोल काढला. पाच मिनिटांत चौदा सह्या, माझी धरून. कंत्राटदाराने कागद असा फिरवला, तसा फिरवला. "सुरुवात कुणी केली?" आम्ही सगळे गोदामाच्या पत्र्याकडे बघत उभे. हसू दाबताना नेल्सनला ठसका लागला. आठवड्याभरात बेल्ट आले. जितेश सोमवारपासून कामावर आहे, खाली बसून वायरी जोडायच्या कामाला.

पेटीत आणखी एक अर्ज होता. त्यावर सह्या सरळ एकाखाली एक, आणि सगळ्यात वर तुमची. आईंना विचारलं. म्हणाल्या, "त्यापायीच तर बदली झाली. तीन वर्षं लांब होते." हे तुम्ही माझ्यापाशी कधीच बोलला नाहीत. आणि मी तुम्हाला नुसते भाषणवाले समजत राहिले. चुकलंच माझं.

आम्हा चौदाजणांचीच आता युनियन झालीय. काल सगळ्यांनी मिळून मला सेक्रेटरी केलं. पुढचा अर्ज विम्यासाठी करायचाय. शब्द देते आप्पा, त्यावर गोल काढणार नाही. पहिली सही माझी असेल.

तुमची सून, आणि आता सेक्रेटरीसुद्धा,
प्रज्ञा