राणीच्या दालनाचं कुलूप

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग हल्ली पत्रातच जमतो, तेव्हा गोड मानून घे.) तुझं बीपी आणि भावोजींची बडबड दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरा आहे. म्हणजे बरा नाही, पण पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

तू हट्टाने पाठवलंस म्हणून शनिवार-रविवार राजधानी बघून आलो. ही जाऊन वर्ष झालं, हिचं कपाट आता रिकामं करायला हवं, तुझ्या डोळ्यांदेखत ते व्हायचं नाही, तू मित्राबरोबर दोन दिवस फिरून ये, तोवर मी आवरते, असं तू म्हणालीस आणि मी मुकाट कपाटाची किल्ली तुझ्या हातात दिली. तुझ्यापुढे नाही म्हणायची हिंमत भावोजींना आजवर झाली नाही, तिथे माझी काय कथा! आल्यावर बघतो तर कपाट जसंच्या तसं, आणि वर तुझी चिठ्ठी: किल्ली फिरत नाही, कुलूप बिघडलंय, मित्राला दाखव. त्याबद्दल खाली लिहितो. आधी राजधानी.

मित्र म्हणजे आपला कुलूपवाला. (तोच, ज्याने तुझ्या लग्नात अडकलेली दागिन्यांची पेटी उघडून दिली आणि मग नवरीकडे न बघता पेटीचंच कौतुक करत बसला.) फिरायला असा सोबती वैऱ्यालाही मिळू नये. माणूस मान वर करतच नाही. मी संसदेचा घुमट दाखवतोय, तर हा फाटकाची कडी न्याहाळतोय. नदीवरच्या पुलाला प्रेमी जोडप्यांनी आठवण म्हणून कुलपं लावलेली आहेत. याने वाकून एकेक हलवून पाहिलं आणि यातलं एकही पुढच्या वर्षापर्यंत टिकायचं नाही असं मोठ्याने जाहीर केलं. शेजारीच एक जोडपं नुकतं लावत होतं. ती पोरगी रडकुंडीला आली. हॉटेलच्या खोलीला एकुलती एक खिडकी. उघडली की बाहेरची भिंत दिसायची, मिटली की आतली. त्यातल्या त्यात बाहेरची बरी होती, निदान तिच्यावर ओल नव्हती. आभाळ दोन्ही दिवस तोंड पाडून होतं. खरं सांगू, त्या शहरात मला तेवढंच आपलं वाटलं.

रविवारी राजवाडा पाहिला. तिथे राणीचं दालन आहे. राणी जाऊन शतकं लोटली, मागोमाग राजा गेला, राज्यही गेलं. पण तिचे जोडे, तिची फणी, खांद्याशी विटलेली शाल, सगळं काचेआड जिथल्या तिथे. रोज एक माणूस येऊन धूळ झटकतो आणि लोक तिकीट काढून बघतात. ताई, त्या राजाला कोणी म्हणालं नाही गं, की आता आवर बाबा. मला तिथे रडू कोसळलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हे, चांगला हुंदक्यांनी रडलो. पुढे उभ्या असलेल्या बाईंना वाटलं राणी माझ्या नात्यातली असावी; त्या हात जोडून निघून गेल्या.

बाकीचे लोकही पांगले. कुलूपवाला मला धरून बाहेर घेऊन आला आणि दाराशी घात झाला. कडीत कुलूप उघडं लटकत होतं. आता उघडं कुलूप दिसलं की दाबायचं, ही त्याची जित्याची खोड. एका हाताने माझी पाठ थोपटत दुसऱ्याने त्याने ते खट्कन लावून टाकलं. धूळ झटकणारा पहारेकरी आतच होता, आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला! आतून थापा सुरू झाल्या. शहाण्या माणसाने कोणाला तरी हाक मारली असती. याने खिशातून तार काढली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कुलूप उघडलं. कोंडल्याचा गुन्हा कदाचित माफ झाला असता, उघडल्याचा झाला नाही. उरलेली राजधानी आम्ही सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत, भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिली. (चित्रात घुमट बराच स्वच्छ आहे.) अधिकाऱ्याने दरडावून विचारलं, की हे गृहस्थ रडत का होते. कुलूपवाला म्हणाला, "बायको गेली त्याची. घरी तिचं कपाट आहे." यावर अधिकाऱ्याने चहा मागवला आणि टेबलाचा अडकलेला खण याच्याकडून फुकटात दुरुस्त करून घेतला.

तर अशी झाली सहल. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
(आता डोक्याने टकला) भाऊ

ता. क. कुलूप बिघडलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मीच कुलूपवाल्याकडून ते बदलून घेतलं आणि तुला जुनी किल्ली दिली. तो नकोच म्हणत होता. किल्ली फिरवून फिरवून तुझी बोटं दुखली असतील, त्याबद्दल काय वाटेल ते बोल.

आणखी एक ता. क. नव्या कुलपाला किल्ली एकच करून घेतली, ती या पाकिटात आहे. माझ्याजवळ ठेवून उपयोग नाही. रोज कपाटापर्यंत जातो आणि परत येतो. एकट्याने उघडवत नाही. ती घेऊन तू ये, दोघं मिळून उघडू. द्यायचं ते देऊन टाकू. तिची शाल मात्र द्यायची नाही, राणीच्या शालीपेक्षा पुष्कळ बऱ्या स्थितीत आहे. किल्ली टपालाने परत पाठवू नकोस, ताई. तू ये.