मोनालीची हजेरी

धुळे, १२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. जय भीम. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की मोनाली दाराशी कान लावून बसते, म्हणून लिहिते आहे.

वरणगाव सोडून दोन महिने झाले. रविवारी पोरीला अकरा वर्षं पूर्ण झाली. वर्गातल्या दहा मुलींना बोलावलंय म्हणाली. मी पावभाजी केली (वहिनीच्या हाताची चव नाही, हसू नकोस). हे नरडाण्याच्या कारखान्यातून पाळी बदलून आले. सात वाजले तरी कोणी आलं नाही. दप्तरात दहाच्या दहा चिठ्ठ्या तशाच सापडल्या. म्हणाली, द्यायला गेले की त्या आपसात बोलायला लागतात.

दादा, मला काही सुचत नाही. लोभ आहेच, सध्या तो थोडा जास्त लागणार आहे.

तुझी मृणाली

*

वरणगाव, २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मृणालीस,
मंगल कामना व अ. आ.

उद्या मोनालीला घेऊन येतो, तेव्हा हे पत्र तुझ्या हातात देईन. फोनवर तू रडत होतीस, म्हणून सगळं सांगितलं नाही.

बुधवारी ती शाळेऐवजी एसटीत बसली, जळगावला गाडी बदलून इथल्या जुन्या शाळेपाशी आली. मी फॅक्टरीत होतो. तुझ्या वहिनीला ती संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेर दिसली. तिची मैत्रीण चारुलता दुसऱ्या मुलीच्या गळ्यात हात टाकून समोरून गेली म्हणे. हिने हाकच मारली नाही. वहिनीने कारण विचारलं, तर म्हणाली, मग तिला थांबावं लागलं असतं.

चूक माझीही आहे. जूनमध्ये ती रोज फोन करून रडायची. मीच म्हणालो, आता मोठी झालीस, रडायचं नाही. तेव्हापासून तिचा फोन नाही. मी समजलो, पोर रुळली.

राग धरू नकोस.

तुझा दादा, प्रशील

*

धुळे, ३० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. जय भीम. वि. वि.

राग कसला? मी तिच्यासोबत एकाच घरात होते, मला तरी कुठे कळलं?

काल शाळेत जाऊन बाईंना भेटले. म्हणाल्या, गुणी मुलगी, काही त्रास नाही. मी हजेरीपट बघायला मागितला. बुधवारी, वीस तारखेला, मोनाली हजर आहे. साठ मुलांच्या वर्गात तिची जागा रिकामी होती, आणि एकाही मुलीने सांगितलं नाही. बाई वरमल्या. मी भांडले नाही, दादा. बाहेर येऊन पायरीवर बसले.

हे मोनालीला सांगितलेलं नाही. दवाखान्यातल्या कामावरून पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडते, मी शेजारी पडते.

पुढच्या रविवारी वहिनीला घेऊन ये. पोरीला समजावू नका. नुसते जवळ बसा.

वाट बघते.

मृणाली