दादाविषयीचा अहवाल

९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भाऊ साहेब झाला. राखीव दलात मला अधिकाऱ्याचं पद मिळालं. वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी कुठे गायब होतो असं वहिनी विचारायच्या ना, ते हेच प्रशिक्षण. एकेचाळीस म्हणजे वयाबाहेरच. पण तुझ्याच तुकडीत शिपाई म्हणून काढलेली सहा वर्षं त्यांनी वयातून वजा केली. कागदोपत्री मी पस्तिशीचा. गुडघ्यांना अजून कळवलेलं नाही.

मोजणी खात्यातली नोकरी चालूच राहील, वर्षातले काही आठवडे वर्दी. परत का यायचंय असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा नकाशांबद्दल काहीबाही बोललो. खरं कारण तुला सांगतो. जमिनीच्या मोजणीत माझी चूक झाली तर फार तर कुंपण सरकतं. कोणाचा जीव आपल्या भरवशावर आहे, ही जाणीव पंधरा वर्षांत झाली नाही.

एकच गोष्ट घशाखाली उतरत नाही. मार्चमधलं पहिलं शिबिर तुमच्याच छावणीत आहे. तू हवालदार, मी अधिकारी. तू मला सॅल्यूट करायचा? नको म्हणालास तर दुसरी छावणी मागून घेतो.

पद वाढलं म्हणून लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बारक्या

२० जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने शेजारी सांगितलं. तीन दिवसांत गल्लीत तू सेनापती झालायस.

छावणी बदलून मागितलीस तर तंगडं मोडीन. सॅल्यूट वर्दीला असतो, आत कोण आहे ते बघत नाहीत. आत तू असलास तर हात जरा जास्त कडक उठेल, इतकंच.

माझे आठ महिने उरलेत. पंचवीस वर्षं पुरी करून, निरोपाच्या परेडमधून ताठ चालत बाहेर पडायचं, दुसरं काही मागणं नाही. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी पोचलो. निघताना तू कुठे दिसला नाहीस, म्हणून लिहितोय.

बुधवारी गोळीबार मैदानावरची सुरक्षा माझ्याकडे होती. मी ‘थांबा’ म्हणून हुकूम दिला, शिट्टी वाजली, दोन जवान निशाणं बदलायला पुढे गेले. सगळ्या रांगा थांबल्या, तुझी सोडून. तू माझ्याकडे पाठ करून उभा होतास. नव्या पोरांची नजर तुझ्या हातावर, तो खाली आला की थांबायचं, आणि हात खाली आला नाही. एका जवानाच्या पायाशी माती उडाली. मी धावत येऊन तुझं मनगट धरलं तेव्हा तू दचकलास.

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, उजवा जातोय, तपासणीत ओठ बघून निभावतो, सहा महिने गप्प बस, असं तू बराकीमागे म्हणालास. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बाकीच्यांना वाटतंय, शिट्टी वाऱ्यात विरली.

अहवाल महिनाअखेर द्यायचा आहे. त्याआधी तू आपणहून डॉक्टरांकडे जा, दादा. तोवर मैदानावर पाय ठेवू नकोस. तूच सांग, मी काय करू?

तुझा,
बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

मैदानावर जाणार नाही. डॉक्टरांकडेही जाणार नाही.

तू नवा शिपाई असताना पहाऱ्यावर झोपला होतास. मी तुझ्या जागी उभा राहिलो आणि कोणाला बोललो नाही. उपकार म्हणून काढत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

लिहायचं तर लिही. पण काय करू म्हणून मला विचारू नकोस. साहेबाने हवालदाराला असं विचारायचं नसतं.

दादा

३१ मार्च

ती. दादास,

आधी वारा असंच लिहिलं होतं. ते पान फाडलं. दुसऱ्या पानावर तुझं नाव, पद आणि जे झालं ते लिहून आज दिलं. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तुला कळावं म्हणून हे पत्र.

क्षमा माग असं मन सांगतं, पण कशाची मागू ते समजत नाही.

बारक्या

११ जून

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

यांना मेअखेर सेवेतून कमी केलं. परेड झाली नाही. भर दुपारी टेंपोतून ट्रंक उतरवून घरात आले आणि पंख्याखाली बसून राहिले. लवकर कसे आलात, असं शेजारी विचारतात. मी सांगते, कंटाळले.

तुमच्यावर मी फार चिडले होते, खोटं कशाला बोलू. सख्खा भाऊ असून असं केलंत. मग एकदा भांडी घासताना आठवलं. गेली दोन वर्षं मी यांच्याशी भांडतेय, की मी बोलते तिकडे तुमचं लक्षच नसतं. माझी बोलणी खाल्ली, पण कानाचं सांगितलं नाही. इतकं लपवलेलं ओझं कोणीतरी उतरवायलाच हवं होतं. ते तुमच्या हातून उतरावं, याचंच वाईट वाटतं.

तुम्ही रोज फोन करता आणि हे घेत नाहीत. रागावलेत, ते खरंच आहे. पण फोन घेत नाहीत ते रागाने नव्हे. परवा चुकून घेतला होता, तुम्ही पलीकडून बोलत होतात. हे नुसतंच हं, हं करत राहिले, आणि ठेवल्यावर मला विचारलं, कोण होतं?

तेव्हा फोन करू नका. पत्र लिहा. उत्तर येईल असं मी म्हणत नाही. पण लिहा, मोठ्या अक्षरात नको, डोळे शाबूत आहेत.

आमच्यावरची माया आटू देऊ नका.
तुमची,
वहिनी