अँटवर्पच्या गर्दीतली तोंडं

५ जानेवारी १९५१
शाळेच्या हॉलसाठी मोठं चित्र हवंय. इतिहासाच्या अप्पांनी विषय दिला — अँटवर्प, १५६६. नव्या पंथाची माणसं चर्चमध्ये घुसतात, मूर्ती फोडतात, चित्रं जाळतात. ‘तुम्हाला जमेल ना?’ म्हणाले.
जमेल? गांधीजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पेठेतल्या जमावानं माझं घर पेटवलं. सगळी चित्रं गेली. माझ्या बायकोचं, लीलाचंही — ती जिवंत असताना काढलेलं एकुलतं एक.

९ जानेवारी
अप्पांच्या पुस्तकात वाचलं. तिकडचे चित्रकार बायबलातल्या गर्दीत गावातल्याच माणसांची तोंडं काढायचे. ओळखू येतील अशी.
बस्स. सापडली वाट.

१४ जानेवारी
कुऱ्हाडवाला — सयाजी पैलवान. मशालवाला — हंबीरराव. कोर्टात साक्षीला कोणी उभं राहिलं नाही, सगळे सुटले. आता टांगतो एकेकाला हॉलमध्ये. मंगळवार पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवत नाही.

१८ जानेवारी
कृष्णात चहाला आला. शेजारचा दुकानदार. त्या दिवशी मला आणि आईला यानेच माडीवर लपवलं, भाकरी घातली. पेठेत माणूस म्हणावा असा हा एकच. चित्रातलं एकेक तोंड निरखून बघितलं. ‘झ्याक हाय,’ म्हणाला. चहा अर्धाच टाकून गेला.

२६ जानेवारी
चित्र लागलं. झेंडावंदनाला अख्खी पेठ. सयाजी समोर उभा राहिला. चिडू दे, धावून येऊ दे, काहीही चाललं असतं. त्यानं बायकोला पुढे ओढलं. ‘बघ की, मी हाय. दंड बघ माझा.’
हंबीररावानं चित्राला हार घातला! गडमुडशिंगीचे पावणे आणणार आहे दाखवायला. मेल्यांना लाज कशी ती नाहीच. जळून खाक झालो मी.

२८ जानेवारी
कृष्णात इतके दिवस फिरकला नव्हता. आज आला तो गाल फुगवून.
‘मास्तर, समद्यास्नी काढलासा. मलाच तेवढं वगळलं व्हय?’
म्हटलं, अरे, तू कुठे होतास त्यांच्यात?
‘आसं कसं? राकेल कुणाच्या दुकानातनं गेलतं? तुमास्नी आदी माडीवर न्हेऊन ठिवलं, मगच डबं दिलं की मी.’

२९ जानेवारी
उद्या सकाळी कृष्णात चित्रासाठी बसायला येतोय. नवा फेटा बांधून ये म्हटलं, आणि हातात डबा घे. खूश झाला. जागा अगदी पुढची दिलीय.