वयनीला दिलेली चोवीस रोपं

१२ सप्टें., शुक्र.
पॉलिहाऊसमधे आज पुन्हा अकरा रोपं गेली. मिरची. देठ जमिनीलगत कुरतडलेला, शेंडा बाजूला पडलेला. ट्रे उचलला तर खाली ते करडे किडे, हात लावला की गोळी होणारे. मूठभर. इथे त्यांना कोण काय म्हणतं ठाऊक नाही, मी गोळीकिडे म्हणते. वहीत गो. कि.
चूक माझीच. ओल टिकावी म्हणून नारळाची सोडणं पसरली होती. त्यांना घरच बांधून दिलं.
हे म्हणाले, "औषध मार नि मोकळी हो." नको. शेजारी वयनी, माझी थोरली जाऊ. तिच्या कोंबड्या कुंपणातून येतात.

१४ सप्टें.
सोडणं सगळी बाहेर, उन्हात. (ऊन दोन तास. मग सर.) ट्रे विटांवर चढवले. संध्याकाळचं पाणी बंद, फक्त सकाळी. बटाटे अर्धे कापून पालथे ठेवले, सकाळी प्रत्येकाखाली पंधरा-वीस गो. कि. बादलीत झटकायचे. किळस वाटत नाही आता.
दुपारी वयनी कुंपणापाशी. "सुलभा, तुझी वांगी मस्त धरली गो." बरं वाटलं. चतुर्थीला ती गणपतीला आली, अकरा वर्षांनी. भाऊ, यांचे थोरले, जाऊन तीन वर्षं झाली. भांडण विहिरीकडच्या हद्दीवरून आणि तिथल्या पानवेलींवरून होतं. वेली शेवटी तिच्याकडे राहिल्या. सासूबाईंनी लावलेल्या. मुलगे मुंबईत, ही एकटी. त्या वेलींशी बोलते असं लोक म्हणतात.
जाताना मी तिला चोवीस पिशव्या दिल्या, बारा मिरची, बारा वांगी. या हंगामातली पहिली रोपं. अजून दुसऱ्या कोणाला काही दिलेलं नाही. तिने दोन्ही हातांनी घेतली.

१७ सप्टें.
गो. कि. निम्म्याने कमी. रोपं मात्र जातातच आहेत. आता देठ नाही, पानंच्या पानं. मधे भोकं. ट्रेच्या कडेला वाळलेला चकचकीत पट्टा, शेंबडासारखा. हे गो. कि. चं काम नाही. मग कोणाचं?

१९ सप्टें., शुक्र.
सकाळी सहा. ओलं गोणपाट उचललं. त्याखाली शंखाची गोगलगाय, माझ्या मुठीएवढी. इथल्या बारक्या गोगलगायी आम्ही लहानपणापासून बघतो, ही तसली नाही. आणखी चार. उरलेल्या पिशव्यांतली एक ओतून बघितली, मातीत अंड्यांचा पुंजका, साबुदाण्यासारखा. दुसरी ओतली. तिच्यातही.
कृषी सहायक मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन. "ताई, ही साधी गोगलगाय नाही. एकेक शंभर-दीडशे अंडी घालते. रोपं बाहेर गेलीत का कुठे?"
मी म्हटलं, नाही.
असं का म्हटलं.
मे महिन्यात कसालच्या बाजारातून जुने ट्रे आणले होते. धुवायचे राहिले. तिथूनच असणार. दुसरं काही सुचत नाही.
वयनीने पिशव्या पानवेलींच्या सावलीत ठेवल्यात. मी बघितल्यात.

२० सप्टें.
गेले. सांगायचंच म्हणून गेले. तिने चहा टाकला, खोबऱ्याची वडी काढली. म्हणाली, "इतक्या वर्सांनी ह्या खुर्चेर कोणतरी बसला." मी पिशव्यांकडे बघत होते. वांगी खरंच छान. वडी खाऊन परत आले.

२२ सप्टें., घट बसले
यांना सांगितलं. हे तोंडवलीला बोटीच्या डागडुजीला निघाले होते, पायरीवरच थांबले. मग, "सांगू नको. अकरा वर्सां तोंड बघूक नव्हता. आता कायतरी जमला हा. गोगलगायी काय, पावसात खयसूनय येतत."
"आणि पानवेली गेल्या तर?"
"गेल्यो तर गेल्यो. तुझ्या नावार नको."
दिवसभर डोक्यात तेच. माझ्या नावावर नको. पण आहेतच की माझ्या नावावर.
पॉलिहाऊसमधे आज सव्वीस पकडल्या. मिठाच्या पाण्यात. दारापाशी चुन्याचा पट्टा मारला, सरीने धुऊन गेला.

२४ सप्टें.
वयनीनेच हाक मारली. वेलीची पानं दाखवली, चाळणी झालेली. "उंदीर आसतलो काय गो?"
मी म्हटलं, "आसात."
तिथल्या तिथे जीभ गळून पडावी असं वाटलं. तिने मला पंचवीस पानं बांधून दिली, चांगली निवडून.
मॅडमचा पुन्हा फोन. उचलला नाही.

२५ सप्टें., गुरु.
नवरात्रात वयनी सकाळी सातला देवळात जाते, तासभर. तिची पाठ वळल्यावर बादली घेऊन कुंपणाच्या फटीतून आत. पिशव्यांखाली, दगडांच्या कपारीत, वेलींच्या बुंध्याशी. सतरा. बहुतेक बारक्या, चण्याएवढ्या, दोन सुपारीएवढ्या. मोजताना दोनदा चुकले. मी चोर नाही, पण कोणी बघितलं असतं तर आणखी काय म्हणालं असतं.

२६ सप्टें.
तेवीस. एका वेलीच्या मुळाशी अंडी. खणून काढली, मूळ थोडं तुटलं. माती दाबून ठेवली. तुटलेलं मूळ तिला दिसेल का, हेच दिवसभर. जेवण गेलं नाही.

२८ सप्टें., रवि.
देवळात गर्दी म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. मी गुडघ्यांवर, हात मातीत, विहिरीच्या बाजूला. नेमकी त्याच हद्दीवर.
"काय करतंस गो थंय?"
आवाज चढलेला नव्हता. तिला काय वाटलं असेल ते कळलं. बादली पुढे केली. मग सगळं सांगितलं, ट्रे, पिशव्या, अंडी, उंदीर. खालीच बघून बोलत होते.
ती बादलीत बघत राहिली. मग एवढंच विचारलं, "कधीपासून म्हायत होता तुका?"
"नऊ दिस."
"नऊ दिस," ती म्हणाली. "नऊ दिसांत दोनदा माझ्या दारात इलंस. उंदीर आसात म्हणालंस."
हातातलं पूजेचं ताट ओट्यावर ठेवलं, आत गेली. दार लोटलं.
यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मी सांगलेलंय." यांच्याकडून दुसरं काही ऐकायचं होतं असंही नाही.

२९ सप्टें.
कुंपणाच्या फटीत झावळ बांधलेली. मधल्या फाटकाच्या कडीला सुंभ. पिशव्या दिसत नाहीत. उपटून टाकल्या की जाळल्या, माहीत नाही.
मॅडमना फोन केला. खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याने आणखी वाईट वाटलं. "रोज पहाटे वेचायच्या. दोन्ही वाड्यांत एकाच वेळी. एका बाजूने करून उपयोग नाही." आणि हे निदान दोन पावसाळे तरी.
दोन पावसाळे. आणि मधे बंद फाटक.

३० सप्टें.
आमच्या बाजूला एकतीस. पॉलिहाऊसमधली सगळी रोपं काढली, माती काळ्या प्लास्टिकखाली उन्हाला. ऊन पडलं तर. यंदा कोणाला एकही रोप देणार नाही. फाटकाकडे दिवसात किती वेळा बघितलं ते लिहीत नाही.
भरल्या पानांचा वेल इथून दिसतो. वरची पानं बरी आहेत. खालचं दिसत नाही.

१ ऑक्टो., बुध.
सहाला बाहेर आले तर सुंभ सोडलेला. वयनी वेलींच्या बुंध्याशी वाकून वेचत होती. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, शेजारी मिठाचं पाणी. माझ्याकडे बघितलं नाही. मी फाटकातून आत गेले, विहिरीच्या बाजूने सुरुवात केली. तिने नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.
तासभर. तिच्या एकोणीस, माझ्या बावीस. तिसऱ्या वेलीच्या मुळाशी नवीन अंडी. तिने बघितली, मीही बघितली. तिने वेल हलवून पाहिला, जरा सैल लागला. माझ्या हातून मूळ तुटलं तो हाच.
निघताना पाठमोरीच म्हणाली, "उद्या सहाक नको. साडेपाचाक ये. उजाडला की ती लपतत."